जुन्या लेथची पारख



काटोल तालुक्यातून एका वाचक ताईंचे पत्र आले आहे. मुलगा आयटीआयचा टर्नरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून नागपूरला एका लहान वर्कशॉपमध्ये तीन वर्षे नोकरीला होता. आता मालक ते वर्कशॉप बंद करीत आहे आणि तेथले जुने सहा फुटी लेथ 'तूच घेऊन जा' असे मुलाला म्हणतो आहे. घरची शेती साडेतीन एकर, त्यात एक एकर संत्रा. लेथ घ्यायचे तर कपाशीचे आलेले पैसे जातील आणि वर थोडे सोने मोडावे लागेल. घरधनी म्हणतात, जुन्या लोखंडात सोने घालू नये. मुलगा म्हणतो, यंत्र चांगले आहे. खरे कोणाचे, असा ताईंचा प्रश्न आहे.

यंत्र पाहिल्यावाचून या प्रश्नाचे उत्तर कोणालाच देता येणार नाही. पण ते कसे पाहावे हे सांगता येईल, आणि पारख करून घेतली तर बापलेकांतला वाद निम्मा तरी मिटेल.

मी शेतीचा पदवीधर. माती, बी, खत, कीड हा माझा प्रांत. तरीही लिहितो आहे, कारण विस्ताराच्या नोकरीत जितके दिवस वावरात गेले त्याच्या खालोखाल वर्कशॉपच्या दारात गेले. सोयाबीनची सोंगणी होऊन गंजी लागली आहे, आभाळ भरून आले आहे आणि थ्रेशरच्या शाफ्टने बेअरिंगच्या जागी मान टाकली आहे, अशा वेळी शेतकऱ्याला कृषी अधिकाऱ्याचा सल्ला नको असतो, लेथवाला हवा असतो. आणि लेथवाला तालुक्याच्या गावी. तेथे त्याच्यापुढे आधीच सातआठ शाफ्ट पडलेले. दोन दिवस मोडतात, तेवढ्यात पाऊस येऊन जातो. असे नुकसान पंचनाम्यातही धरले जात नाही.

लेथ ज्यांनी जवळून पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कुंभाराच्या चाकावर माती फिरते आणि त्याचा हात तिला आकार देतो. लेथवर लोखंड फिरते आणि पोलादी टूल त्याला आकार देते. आपल्याकडे याला खराद असेही म्हणतात. लोखंडाचा लांब ओंडका खाली असतो तो बेड. कारागिराच्या डाव्या हाताला हेडस्टॉक, त्यात फिरणारा स्पिंडल आणि स्पिंडलच्या तोंडावर काम पकडणारा चक. उजव्या हाताला टेलस्टॉक. या दोहोंच्या मध्ये बेडवरून सरकणारी गाडी, म्हणजे सॅडल, आणि तिच्यावर टूल. पुढच्या अंगाला लांबलचक आट्यांचा लीड स्क्रू असतो. तो गाडीला ठराविक गतीने ओढतो, म्हणून बोल्टाचे आटे एकसारखे कापले जातात. इंग्लंडात हेन्री मॉडस्ले या कारागिराने १८०० सालाच्या सुमारास ही मांडणी पक्की केली, आणि आजचे हातलेथ त्याच मांडणीवर उभे आहे. जुने लेथ कालबाह्य होत नाही ते यामुळेच. संगणकावर चालणारी यंत्रे कारखान्यात हजार नग एकसारखे काढायला चांगली. आपल्याला लागतो एक शाफ्ट, एक बुश, एक पुली, आणि तोही उद्या सकाळी.

नागपूरला हा धंदा नवा नाही. मोतीबागेत अरुंद रुळांच्या गाड्यांचे वर्कशॉप १८७९ साली सुरू झाले. २००२ साली तेथे रेल्वेचे संग्रहालयही झाले, पोरांना एकदा दाखवून आणावे. त्याआधी १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली होती. आज ती गिरणी नाही. गिरणी म्हटली की तिचे स्वतःचे वर्कशॉप आणि त्यात लेथ हे ठरलेलेच. गिरण्या गेल्या, पण त्या लेथवर घडलेल्या कारागिरांकडून शिकलेले लोक अजून शहरात भेटतात.

शेतकऱ्याचे आणि लेथचे नाते तर त्याहून जवळचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात आधी कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर केला. १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडाने जमीन नासते असे म्हणून लोक सुरुवातीला तो नांगर घेईनात, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. पुढे १९४१ साली हरिहरला मैसूर किर्लोस्कर हा कारखाना निघाला आणि त्याची लेथ देशभर गेली. तो कारखाना आता बंद आहे, पण त्याची एंटरप्राइज आणि टर्नमास्टर ही लेथ जुन्या बाजारात अजून मिळतात. बेंगळुरूची एचएमटी १९५३ साली स्वित्झर्लंडच्या मदतीने सुरू झाली. तिची एलबी आणि एनएच ही नावे टर्नर लोक आजही आदराने घेतात. यांखेरीज राजकोटची आणि पंजाबातल्या बटाल्याची लेथ पुष्कळ आहेत. त्यांत चांगली आहेत, साधारण आहेत आणि अगदी हलकीही आहेत. नावावर जाऊ नये. तीस वर्षे निगा घेतलेले बटाल्याचे लेथ, निगा न घेतलेल्या एचएमटीपेक्षा बरे.

आता पारख. बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, चालवून पाहतो, खांदा चाचपतो. शिंगे रंगवलेली असली तर उलट जरा जास्तच निरखतो. तसेच येथे करावे. नुकताच हिरवा रंग मारलेले लेथ दिसले की रंगाखाली काय आहे हे आधी पाहावे. बेडच्या ओतीव लोखंडाला तडा जाऊन तो वेल्डिंगने भरलेला असेल, तर चहा पिऊन परत यावे. दोन गोष्टी धड असल्या तर बाकीचे सगळे दुरुस्त होते: एक बेड, दुसरा स्पिंडल.

बेड सगळीकडे सारखा झिजत नाही. बहुतेक कामे आखूड असतात, म्हणून गाडी चकजवळच्या हातभर जागेत जन्मभर मागेपुढे होत राहते. तेवढाच भाग झिजतो आणि टेलस्टॉककडचा भाग कोरा राहतो. याची परीक्षा विनापैशाची आहे. गाडी चकजवळ आणावी, तिचा आवळण्याचा स्क्रू इतकाच आवळावा की गाडी हाताने जेमतेम सरकेल. मग तिला टेलस्टॉककडे नेत जावे. जाता जाता ती जड होऊन अडकू लागली, तर चकजवळ बेड झिजला आहे असे समजावे. जितकी लवकर अडकेल तितकी झीज जास्त. गाडी बाजूला सारून बेडच्या कडेवरून नखही फिरवून पाहावे. झिजलेल्या आणि न झिजलेल्या भागाच्या मध्ये पायरी लागते.

स्पिंडलसाठी चकमध्ये हातभर लांबीची जाड सळई धरावी, तिच्याखाली लाकडी दांडा घालून तिला वर उचलल्यासारखे करावे आणि चकच्या तोंडाशी डायल गेज लावून सुई किती हलते ते पाहावे. सुई जराही हलली म्हणून घाबरू नये. टेपर रोलर बेअरिंग असतील तर मागचे नट आवळून सैलपणा काढता येतो; फार आवळले तर मात्र बेअरिंग तापते. नंतर लेथ अर्धा तास चालते ठेवावे. हेडस्टॉकवर हात ठेववत नसेल, किंवा आतून गियरचा दात तुटल्यासारखा ठेक्यात खटखट आवाज येत असेल, तर झाकण उघडायला लावावे. मालक झाकण उघडू देत नसेल तर उत्तर मिळालेच.

यानंतरची कसोटी सर्वांत महत्त्वाची. चाळीसएक मिलिमीटर जाडीची सळई चकमध्ये धरून तिचा सव्वाशे मिलिमीटर भाग बाहेर ठेवावा, टेलस्टॉकचा आधार न देता अगदी हलका काप घ्यावा आणि चकजवळ एकदा व तेथून १०० मिलिमीटरवर एकदा असे मायक्रोमीटरने मोजावे. दोन मापांत जो फरक येईल तो त्या लेथचा उतार. चांगल्या लेथला तो ०.०२ मिलिमीटरच्या आत असतो. जुन्या लेथला ०.०५ आला तर मुलाचा चेहरा उतरेल, पण त्याने हिशेब करून पाहावा. थ्रेशरच्या शाफ्टवर बसणारे २५ मिलिमीटर भोकाचे ६२०५ बेअरिंग फक्त १५ मिलिमीटर रुंद असते. शंभराला ०.०५ म्हणजे पंधराला ०.००७५. एवढ्या फरकाने बेअरिंगच्या बैठकीचे काही बिघडत नाही. गावची बरीच कामे अशीच आखूड असतात: बुश, पिना, बैठका, पुलीची भोके, बंडीच्या आसाची टोके. लांब शाफ्ट एकसारखा काढायचा असेल तर मात्र हे लेथ तोंडघशी पाडील, ती कामे शहरात पाठवावीत. कोणते काम घ्यायचे नाही हे ठाऊक असलेला टर्नर गावात टिकतो असे माझे निरीक्षण आहे.

बाकीच्या बारीकसारीक गोष्टी भाव करण्याच्या कामी येतात. क्रॉस स्लाइडचे हँडल उलट फिरवले असता स्लाइड हलण्याआधी ते पाव फेरा रिकामे फिरत असेल तर आतला गनमेटलचा नट झिजला आहे. तो नवा करून घेता येतो, मुलगा स्वतःच करील. हाफ नटचेही तसेच. तीन जबड्यांचा चक तोंडाशी फाकलेला असतो, म्हणून चार जबड्यांचा स्वतंत्र चक सोबत आहे का ते पाहावे; जुन्या लेथवर अचूक काम चार जबड्यांच्याच चकवर होते. आणि आटे पाडण्याचे बदली गियर सगळे आहेत का ते मोजून घ्यावे. जुन्या लेथचे लीड स्क्रू पुष्कळदा इंची असतात, इंचाला चार आटे. जुने पंप आणि जुने ट्रॅक्टर यांवर इंची आटे असतात, तेव्हा ती कामे सरळ होतात. पण आताचे बोल्ट मिलिमीटरचे. इंची स्क्रूवर मिलिमीटरचे आटे बरोबर पाडायचे तर १२७ दातांचा गियर लागतो, कारण पाच इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर. दीड मिलिमीटरच्या आट्याला ३० दातांच्या गियरने १२७ दातांचा फिरवावा लागतो. हा मोठा गियर बहुधा हरवलेला असतो. नसेल तर तेवढी रक्कम भावातून कमी करून घ्यावी.

येथून पुढे विषय माझ्या प्रांतात येतो.

नवे म्हणून आणलेले, घासून ठाकठीक केलेले लेथसुद्धा वर्षभरात उतार काढू लागते आणि टर्नर म्हणतो बेड खराब झाला. पुष्कळ वेळा बेडला काही झालेले नसते, तो पिळला गेलेला असतो. आणि पिळणारी असते आपली काळी माती. आपल्या कपाशीच्या जमिनीतली चिकण माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच मातीवर आपण चार इंचांचे काँक्रीट टाकून टनाच्या घरातले यंत्र उभे करतो. पावसाळ्यात एक कोपरा उचलला जातो, उन्हाळ्यात दुसरा खचतो. घराच्या भिंतीला तिरपी भेग जाते ती याच कारणाने. भिंतीची भेग डोळ्यांना दिसते. लेथचा पीळ केसाच्या जाडीचा असतो, तो दिसत नाही, पण तेवढ्याने शाफ्ट बिघडतो.

म्हणून लेथची जागा विहिरीच्या जागेइतक्याच विचाराने निवडावी. गावात जेथे मुरूम वर असेल, चढाची जागा असेल, तेथे शेड घालावे. काळी मातीच असेल तर ती मुरूम लागेपर्यंत काढून टाकावी, खड्डा मुरमाने थराथराने धुमसून भरावा आणि वर सळया घालून जाड काँक्रीटचा सलग ठोकळा करावा. सलग म्हणजे हेडस्टॉक आणि टेलस्टॉक या दोन्हींचे पाय एकाच ठोकळ्यावर यावेत. दोन वेगळे चौथरे केले तर ते वेगवेगळे हलणार. ज्या गावात माती खूप खोल आहे, मुरूम लवकर हाती लागत नाही, तेथे निदान काळी माती जितकी निघेल तितकी काढून ठोकळा अधिक मोठा करावा. शेडच्या वळचणीचे पाणी पायाशी मुरू देऊ नये. फरशीची नाली करून ते दूर काढावे. बाईमाणसांनी हौसेने शेडच्या भिंतीला लागून वेल लावलेला असतो, त्याला रोज पाणी घालतात. वेल जरूर लावावा, पण दहा हात दूर.

काँक्रीटला तीन आठवडे पाणी मारून ते पक्के झाल्यावर लेथ चढवावे आणि प्रत्येक पायाखाली लेव्हल करण्याचे बोल्ट ठेवावेत. गवंड्याची लेव्हल येथे कामाची नाही, ती फार जाडीभरडी असते. बारीक लेव्हल कोणाकडून उसनी आणावी. नच मिळाली तर वर सांगितलेल्या सळईच्या कसोटीनेच काम भागते. सळईचे बाहेरचे टोक जाड येत असेल, तर टेलस्टॉककडच्या दोन पायांपैकी कारागिराच्या बाजूच्या पायाचा बोल्ट किंचित चढवावा, पुन्हा काप घ्यावा, पुन्हा मोजावे. बारीक येत असेल तर तोच बोल्ट उतरवावा. एकेका वेळी थोडेच. बोल्ट फिरवून फरक सुधारला तर तो पीळ होता. काही केल्या सुधारला नाही तर बेडची झीज किंवा हेडस्टॉकचा वाकडेपणा आहे असे धरावे. लेथ जेथून घेणार तेथेही हे आधी पाहता येते. मालकाने वाकड्या फरशीवर ठेवलेले चांगले लेथ पडत्या भावात मिळून जाण्याचा संभव असतो.

ही तपासणी वर्षातून दोनदा तरी करावी. एकदा अक्षय तृतीयेच्या सुमारास, माती पुरी वाळलेली असताना, आणि एकदा पोळ्याच्या सुमारास, माती पुरी भिजलेली असताना. दोन्ही वेळची मापे भिंतीवरच खडूने लिहून ठेवावीत.

दुरुस्तीचे सांगायचे तर पहिले काम धुण्याचे. आधी रॉकेल किंवा डिझेलने सगळे यंत्र धुऊन काढावे, वर्षानुवर्षांचा चिकट मळ काढावा, तेलाची भोके तारेने मोकळी करावीत. बेडवर पॉलिश पेपर घासू नये. त्याची भुकटी गाडीखाली शिरते आणि तेथे बसून बेड कुरतडत राहते. गाडीच्या दोन्ही टोकांना नमद्याची पुसणी असतात, ती बहुधा सडून गेलेली असतात; नवी बसवायला फार खर्च नाही आणि बेडचे आयुष्य त्यांच्यावर अवलंबून असते. गावाकडे ट्रॅक्टरचे जळके ऑइल लेथला घालण्याची चाल आहे. ती मोडावी. त्या ऑइलात काजळी असते, धातूचा कीस असतो. जनावराला आपण नासलेली ढेप घालत नाही. हेडस्टॉकचे ऑइल उत्पादकाने सांगितलेल्या जातीचे असावे, आणि बेडला रोज सकाळी ६८ नंबरचे ऑइल हाताने लावावे. बिडाचे काम झाले की त्याची काळी भुकटी लगेच ब्रशने काढावी. लेथवर ग्राइंडर चालवायची वेळ आली तर बेडवर पत्रा झाकूनच चालवावा.

बेड फारच झिजलेला असेल तर तो मोठ्या वर्कशॉपात ग्राइंडिंग करून मिळतो, किंवा हाताने स्क्रेपिंग करणारा जुना कारागीर सापडला तर त्याच्याकडून. हे सोपे काम नव्हे. बेड खाली गेला की गाडीही खाली जाते, लीड स्क्रू आणि हाफ नट यांची रेषा चुकते, मग गाडीखाली पट्ट्या देऊन ती पुन्हा जुळवावी लागते. पहिल्या वर्षी याच्या भानगडीत पडू नये. आधी लेथने कमवावे, मग त्याच्यावर खर्च करावा. ग्राइंडिंगचा अंदाज आणि यंत्राची किंमत मिळून नव्या साध्या लेथच्या जवळ जात असेल, तर घरधन्यांचे म्हणणे खरे मानावे.

विजेबद्दल दोन शब्द. पंपाच्या कृषी जोडणीवर लेथ चालवू नये. तो धंदा आहे, त्याची जोडणी वेगळी घ्यावी लागते. पकडले गेले तर दंड वर्षाची कमाई खातो. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवावा, हे पंप जाळून घेतलेल्यांना सांगायला नको. पण आणखी एक धोका पंपवाल्यांच्या लक्षात येत नाही. लाइनवर काम झाल्यावर दोन फेज उलटे जोडले गेले की मोटर उलटी फिरते. पंप उलटा फिरला तर पाणी नीट येत नाही, एवढेच. जुन्या लेथचा चक स्पिंडलवर आट्यांनी बसवलेला असतो; उलट फिरताना तो सैल होऊन निघू शकतो, आणि तो निघाला तर कोठे जाईल याचा नेम नसतो. वीज गेली आणि पुन्हा आली की पहिल्यांदा कामाशिवाय, बाजूला उभे राहून, क्षणभर बटण दाबून दिशा पाहावी. फेज उलटली की मोटर सुरूच होऊ न देणारे रिले मिळतात, ते बसवणे सगळ्यांत चांगले.

हे साप्ताहिक सगळे घर वाचते, म्हणून पुढचे घरातल्या सर्वांसाठी. आपल्याकडे उन्हाळ्यात डोक्याला आणि गळ्याला दुपट्टा आणि हिवाळ्यात मफलर असतो. लेथसमोर हे दोन्ही चालत नाहीत. लोंबणारे टोक चकने पकडले की माणूस सोडवायच्या आत मान खेचली जाते. सैल बाही, गळ्यातला गोफ, हातातले कडे, अंगठी, सगळे उतरवून ठेवावे. हातमोजेसुद्धा घालू नयेत. हे ऐकून नवल वाटेल, पण उघड्या हाताला खरचटते आणि मोजा हाताला आत ओढून नेतो. लोखंडाची सळसळीत लांब कातण हाताने काढू नये, आकडीने काढावी. चकची चावी चकमध्ये ठेवून यंत्र सुरू झाले की ती गोळीसारखी सुटते. मुलाला सवय असेलच, पण मदतीला बसणाऱ्या धाकट्या भावाला नसते. डोळ्यांना चष्मा हवा. डबा घेऊन येणाऱ्या घरच्या बाईने पदर खोचलेला असला तरी यंत्र बंद होईपर्यंत दारातच थांबावे. लहान मुलांसाठी दाराला कडी असावी.

आता पैशाचे. लेथला बारमाही काम मिळेल अशा हिशेबाने कर्ज काढू नये. गावात कामाचे हंगाम तीन: पेरणीआधीचे दोन महिने, सोयाबीन निघण्याचा महिना आणि गहू-हरभऱ्याच्या मळणीचा काळ. मधल्या दिवसांत वेल्डिंग असेल तरच दार उघडे राहते. झिजलेल्या शाफ्टवर वेल्डिंगचा भर देऊन मग तो लेथवर उतरवायचा असतो, तेव्हा दोन्ही एकत्रच लागतात. काही जण झिजलेल्या बैठकीवर पंचाचे ठोके मारून बेअरिंग बसवून देतात. ती एका रात्रीची सोय आहे, तिचे पूर्ण पैसे घेऊ नयेत. दर तासावर ठरवावा आणि पाटीवर लिहावा. उधारीची वही आईने किंवा सुनेने ठेवावी. मुलाला मित्राकडे पैसे मागताना संकोच होतो, त्यांना होत नाही. सरकारी योजनेतून कर्ज घेण्याचा विचार असेल, तर जुन्या यंत्राला ते मिळते का हे जिल्हा उद्योग केंद्रात आणि बँकेत आधी विचारावे, इसारा नंतर द्यावा.

आणि ताई, सोने मोडण्याआधी सळईची कसोटी आपल्या डोळ्यांसमोर करून घ्या. दोन मापे कागदावर लिहून घ्या, खाली मालकाची सही घ्या. मुलाने याच लेथवर तीन वर्षे काम केले असेल तर त्याचे दोष त्याला मालकाहून अधिक ठाऊक असणार. त्याला बाजूला घेऊन विचारा की या लेथवर कोणते काम तू टाळत होतास. तो लगेच दोनतीन कामे सांगू शकला तर मी पैसे द्यायच्या बाजूचा आहे. टाळण्यासारखे काहीच नव्हते असे म्हणाला, तर एक हंगाम त्याला तालुक्याच्या एखाद्या जुन्या टर्नरच्या हाताखाली बसू द्या. लेथ तेवढ्यात पळून जात नाही, आणि हे गेले तरी दुसरे येते.

सौदा झालाच तर आणतानाची काळजी. लेथचा सगळा भार हेडस्टॉकच्या बाजूला असतो, ते वरजड असते, ट्रॉलीत वळणावर उलटते. टेलस्टॉक आणि गाडी उजव्या टोकाला सारून घट्ट आवळावीत, म्हणजे तोल थोडा सांभाळतो. साखळी किंवा पट्टा बेडखालून घालावा. स्पिंडलला किंवा लीड स्क्रूला कधीही लटकवू नये, लीड स्क्रू एकदा वाकला की आटे कापणे संपले. बेडला आधी ग्रीस चोपडावे, वर ताडपत्री. उतरवायला चेन पुलीवाला आणि चार जाणती माणसे हवीत, गावची दहा उत्साही पोरे नकोत. आणि पाया घालून काँक्रीट पक्के होईपर्यंत लेथ आणूच नये, नाहीतर ते अंगणात पावसाची वाट पाहत बसते.

पुढील आठवड्यात हरभऱ्यावरील घाटेअळीबद्दल.